शाळेच्या मैदानावरची शस्त्रसंधी

शस्त्रसंधी पहिल्याच दिवशी मोडली आणि ती मी मोडली. बंदुकीने नाही, चहाने.

दचकू नका, युद्ध खरं नव्हतं. जपानात, सेंदाई शहरापासून बसने तासाभरावर, डोंगरात, एक प्राथमिक शाळा आहे. गावात मुलंच उरली नाहीत म्हणून बंद पडलेली. तिथे तीन दिवसांचं प्रशिक्षण होतं. जगात कुठेतरी दोन बाजू लढाई थांबवायचं कबूल करतात, तेव्हा ते खरोखर पाळलं जातंय का हे बघायला तिऱ्हाईत देशांची माणसं तिथे जाऊन राहतात. हातात शस्त्र नाही, नुसती वही. अशा निरीक्षकांना तयार करायचं हे प्रशिक्षण. आता सराव करायचा तर भांडायला दोन बाजू हव्यात, म्हणून विद्यापीठाच्या फलकावर कागद लागला होता : परदेशी रहिवासी हवेत, इंग्रजी यावं, दुपारचं जेवण मिळेल.

मी त्या विद्यापीठात मातीवर काम करतो. भूकंपात कुठली जमीन चिखलासारखी पातळ होते ते शोधणं हे माझं काम. मोठ्या भूकंपानंतर माझा विषय अचानक सगळ्यांना हवासा झाला आणि आम्ही पुण्याहून इकडे आलो. तो कागद मी पाहिला आणि विसरलो. बायकोने पाहिला आणि दोघांची नावं देऊन आली.

"अरे, सेनापती व्हायला मिळतंय तुला," ती म्हणाली. "घरी काही ते शक्य दिसत नाही."

प्रशिक्षण देणारे होते फिजीचे एक निवृत्त कर्नल. दारातून शिरताना मान वाकवावी लागेल इतके उंच, आणि बोलणं एवढं हळू की ऐकायला आपण पुढे झुकावं. अर्धं आयुष्य कुठकुठल्या सीमांवरच्या टेकड्यांवर काढलेलं. लहानपणी त्यांच्या शेजारी मूळची भारतातली कुटुंबं राहायची, त्यामुळे त्यांना मोडकं हिंदी यायचं आणि मला बघून ते वापरायची त्यांना हौस. आम्ही नवरा-बायको आहोत हे कळल्यावर त्यांचा चेहरा उजळला. म्हणाले, फारच छान, आणि आम्हाला समोरासमोरच्या बाजूंना टाकलं.

मैदानाच्या मधोमध चुन्याची रेघ. पूर्वेचा कमांडर मी, पश्चिमेची ती. तिला शाळेची मुख्य इमारत मिळाली, म्हणजे हीटर. मला खेळायचा मोठा हॉल, जिम, मिळाला, म्हणजे वारा. नोव्हेंबर संपत आलेला. माझं सैन्य म्हणजे दोन विद्यार्थी आणि प्लास्टिकचे पाच करडे पाइप. पाइप म्हणजे उखळी तोफा. रोज सकाळी कर्नलसाहेब प्रत्येक कमांडरला एक कार्ड देत, आज काय करायचं आणि काय लपवायचं ते त्यात लिहिलेलं असे. एक नियम पक्का होता : दोन्ही कमांडरांनी एकमेकांशी थेट बोलायचं नाही, जे काय ते निरीक्षकामार्फत. तो मी पहिल्या तासातच मोडला. गॅस बंद केला का, असा बायकोला फोन केला. तिने तो उचलला नाही. ती नियम पाळते.

आमच्या रेघेवर जी निरीक्षक नेमली होती ती पंचविशीतली जपानी मुलगी. तिचं नाव मी सांगत नाही. घरी आम्ही तिला वहीवाली म्हणतो. तिने दहाला माझ्याकडे यायचं, पाइप मोजायचे, लिहायचं आणि साडेदहाला पश्चिमेकडे जाऊन त्यांचे मोजायचे. एवढंच काम.

ती दहाच्या ठोक्याला आली. मी घरून छोटी शेगडी, पातेलं, पुण्याची चहापत्ती आणि दिवाळीतल्या उरलेल्या चकल्या घेऊन गेलो होतो. म्हटलं, "चहा?"

"नको, खरंच नको," ती म्हणाली.

आता आपल्याकडे पाहुण्याने पहिल्यांदा नको म्हटलं की आपण आधण ठेवतो. दुसऱ्यांदा म्हटलं की आलं किसतो. तिसऱ्यांदा म्हणेपर्यंत कप त्याच्या हातात असतो. आणि जपानी माणसाच्या हातात एकदा कप गेला की तो अर्धा टाकून उठणं त्याला जमत नाही. मी कप भरत राहिलो, ती संपवत राहिली. मधल्या वेळात बोलायला लागली.

भूकंपाच्या वेळी ती शाळेत शिकत होती. समुद्राने घर नेलं, आणि ती आणि तिची आजी एका जिममध्ये शेकडो लोकांबरोबर राहिल्या. "असाच होता," असं म्हणून तिने छताकडे बघितलं. तिथे रोज संध्याकाळी पाच वाजता एक परदेशी माणूस वही घेऊन यायचा. काय मिळालं, काय नाही, एवढंच विचारून लिहायचा. पुष्कळदा रिकाम्या हातांनीच यायचा. पण पाचला यायचा. "आजी चार वाजल्यापासून केस विंचरून बसायची," ती म्हणाली.

म्हणून तिला हे काम हवं होतं. किनाऱ्यावरच्या एका लहान गावच्या नगरपालिकेत ती नोकरी करत होती. आदल्या वर्षीही या प्रशिक्षणाला आली होती आणि नापास झाली होती. यंदा दुसरी रजा मिळाली होती, तिसरी मिळणार नाही असं तिच्या साहेबांनी स्पष्ट सांगितलेलं. कर्नलसाहेबांनी तीन दिवसांनी होकार दिला तरच तिचं नाव पुढे जाणार होतं. एका ठिकाणची शस्त्रसंधी नुकतीच झाली होती, काही आठवड्यांपूर्वीच, कधीही मोडेल अशी, आणि तिथे माणसं हवी होती.

हे सगळं ऐकताना मी तिसरा कप भरला, तेवढ्यात वॉकीटॉकी खरखरला. पश्चिमेच्या कमांडरचा आवाज मी बावीस वर्षं ओळखतो.

"निरीक्षक पूर्वेच्या अधिकाऱ्याबरोबर चाळीस मिनिटं खातपीत बसल्या आहेत. आमच्याकडे अजून कुणी आलेलं नाही. आमचा त्यांच्यावरचा विश्वास उडाला आहे. पूर्वेकडे जाणाऱ्या पाण्याच्या गाड्या आम्ही अडवत आहोत."

वहीवालीचा चेहरा पांढरा पडला. कर्नलसाहेब मैदान ओलांडून सावकाश आले, पातेल्यात डोकावले, एक चकली उचलली आणि मला म्हणाले, "भाई, चाय बहुत अच्छा. लेकिन लड़ाई चालू हो गया."

परतीच्या बसमध्ये मी बायकोला विचारलं, "एवढ्या लांबून चकली दिसली तुला?"

"चकली नाही दिसली. दुर्बिणीतून तुझी चालणारी हनुवटी दिसली."

"अगं, पण रस्ता लगेच बंद करायचा?"

"कार्डात लिहिलं होतं. निरीक्षक पूर्वेकडे अर्ध्या तासाहून जास्त थांबली तर बंद करा." मग ती खिडकीबाहेर बघत राहिली. काकीची, म्हणजे पर्सिमनची, टोमॅटोएवढी केशरी फळं बिनपानांच्या झाडांवर लटकलेली होती. तशीच बाहेर बघत म्हणाली, "त्या मुलीचं काम हुकलं ना, तर ते तुझ्या आग्रहापायी असेल."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कर्नलसाहेबांना गाठलं. म्हटलं, चूक माझी, मार्क तिचे कापू नका. ते हसले. म्हणाले, "तिथेही प्रत्येक कमांडर चहा देणार. तुमच्याहून जास्त आग्रह करणारे आहेत. तिला तेच शिकायचंय."

त्या दिवशी ती आली आणि माझ्यापासून दोन मीटरवर उभी राहिली. पाणीसुद्धा घेतलं नाही. स्टेशनवरच्या घोषणेच्या आवाजात म्हणाली, "मी आता मोजणी करत आहे. पाच आहेत. धन्यवाद." माझ्या कार्डात लिहिलं होतं की तुमचा एक सैनिक पहाटेपासून सापडत नाही, पण निरीक्षकावर भरवसा वाटला तरच सांगा. मी सांगायला आतुर होतो. खोकलो. एका विद्यार्थ्याच्या रिकाम्या खुर्चीकडे तीनदा बघितलं. तिने वही मिटली आणि ती रेघ ओलांडून गेली. पश्चिमेकडेही असंच झालं असणार, कारण दुपारपर्यंत त्या हरवलेल्या माणसावरून दोन्हीकडे अफवांचा धुरळा उडाला आणि तिच्या वहीत त्यातलं काहीच नव्हतं.

संध्याकाळी सगळ्यांसमोर कर्नलसाहेब तिला म्हणाले, "काल तू एका बाजूजवळ बसलीस. आज कुणाजवळच बसली नाहीस." ती कमरेत वाकली. मला माझी शेगडी नदीत फेकून द्यावीशी वाटली.

तिसऱ्या दिवशी दहाला ती आली. एक लाकडी खोका पालथा घालून तिने त्यावर मनगटातलं घड्याळ काढून ठेवलं, शेजारी स्वतःचा थर्मास ठेवला आणि बसली.

"मी इथे पंधरा मिनिटं बसणार आहे," ती म्हणाली. "पश्चिमेकडेही पंधराच. इथे यायच्या आधी त्यांना हे सांगून आले आहे."

माझा हात सवयीने पातेल्याकडे गेला.

"कमांडर-सान, नको."

आणि मी खरंच हात मागे घेतला. माझ्या आईने हे पाहिलं असतं तर तिला माझ्या तब्येतीची काळजी वाटली असती.

ती उठून मोजायला गेली. पाइप चार होते. कार्डाप्रमाणे पाचवा मी सकाळीच मागच्या जंगलात लपवला होता, आणि विचारलं तर ‘दुरुस्तीला दिलाय’ असं सांगायचं होतं. मी तसं सांगितलं. खोटं बोलताना माझे कान तापतात. तिने माझ्या कानांकडे बघितलं, मग वहीत मधोमध रेघ मारून दोन रकाने केले. एकात लिहिलं, पाहिले : चार. दुसऱ्यात, कमांडर सांगतात : एक दुरुस्तीला. वही फिरवून मला दाखवली.

"बरोबर लिहिलंय ना?"

"बरोबर."

"हेच मी पश्चिमेलाही दाखवणार. दुरुस्ती कधी होईल?"

कार्डात याचं उत्तर नव्हतं. मी माझ्या सैन्याकडे बघितलं. सैन्य मोबाइल बघत होतं. तिने घाई केली नाही. थर्मासच्या झाकणातून एक घोट घेतला. घड्याळाचा काटा हलत होता. मला एकदम तो पाच वाजता येणारा माणूस आठवला, आणि मी म्हणालो, "चारपर्यंत इथे असेल."

"मग मी चारला येते," ती म्हणाली.

पश्चिमेकडे काय झालं ते मला बायकोने नंतर सांगितलं. तिच्या कार्डात होतं की पूर्वेने तोफ लपवली असं वाटलं तर गोळीबार सुरू करा. तिने दोन्ही रकाने वाचले आणि विचारलं, "आणि चारला तोफ नसलीच तर?"

"तर नाही असं लिहीन आणि तेही तुम्हाला येऊन सांगेन," वहीवाली म्हणाली. "पण चारपर्यंत थांबा."

बायको थांबली. "का गं?" मी विचारलं. तर म्हणे, ती मुलगी काल आली तेव्हा माझ्याकडे बघतच नव्हती, आज माझ्याकडे बघून बोलली.

इकडे तीन वाजता मी पाइप आणायला जंगलात गेलो. आणि पाइप सापडेना. कमरेएवढा सासा, म्हणजे बुटका बांबू, सगळीकडे सारखाच. सकाळी मी खूण म्हणून एक लाल पान लक्षात ठेवलं होतं. नोव्हेंबरात, जपानच्या डोंगरात, लाल पान. पाऊण तास आम्ही तिघं झाडी उचकत होतो. मातीचा तज्ज्ञ म्हणवणारा मी उतारावर दोनदा बसकण मारून घसरलो. दुसऱ्यांदा घसरलो तो थेट पाइपवरच. चारला पाच मिनिटं होती. पाइप खांद्यावर घेऊन, चिखलाने माखलेला, मी मैदानातून धावत सुटलो. पलीकडे मुख्य इमारतीच्या खिडकीत दुर्बीण होती, पण मला लाजायला वेळ नव्हता.

वहीवाली जिमच्या दारात उभी होती, हातात घड्याळ. मी पाइप बाकीच्या चारांशेजारी ठेवला. तिने एकेकाला बोट लावून मोजलं. पाच. लिहिलं. मग वॉकीटॉकीवर पश्चिमेला सांगितलं, आणि तिकडून माझ्या बायकोचा आवाज आला, "समजलं. पाण्याच्या गाड्या सोडत आहोत."

वहीवालीने वही छातीशी धरली आणि भिंतीकडे तोंड करून जरा वेळ उभी राहिली. मी माझ्या बुटांचा चिखल काढत बसलो. तो बराच होता, हे बरं झालं.

कर्नलसाहेबांनी होकार दिला. उन्हाळा सुरू व्हायच्या सुमारास ती गेली. देश कुठला ते लिहीत नाही. टेकड्या आहेत, टेकड्यांच्या दोन बाजूंना दोन गावं आहेत आणि मधून एक रस्ता जातो.

तिची पहिली ईमेल आली ती एका सकाळी, नाश्त्याच्या वेळी. आमची मुलगी शाळेला निघालेली. आम्ही मराठीत विचारलेल्या कशालाही ती दारातून जपानीतच उत्तर देते, तशी देऊन गेली. बायको ओट्याशी पोहे परतत होती. मी मोठ्याने वाचून दाखवलं. एक फोटो होता : दोन अडसर, दोन्ही वर उचललेले, आणि मधून जाणारी दुधाची गाडी. खाली चारच ओळी. तीन आठवडे झाले, एकाही बाजूने गोळी सुटलेली नाही. दूध रोज जातं. मी दोन्हीकडे रोज ठरल्या वेळी जाते. आज लिहिण्यासारखं काही घडलं नाही.

मी स्क्रीन खाली सरकवली. आणखी काहीच नव्हतं.

"एवढंच?" मी म्हणालो. "अगं, एवढ्या लांब गेली, आणि लिहितेय काय, तर काही घडलं नाही!"

बायकोने गॅस बारीक केला, येऊन माझ्या खांद्यावरून तो फोटो नीट बघितला आणि म्हणाली, "छान आहे की. उद्याही काही घडलं नाही, तर लगेच कळव म्हणावं."