स्पीकरमधल्या अकरा हजार वाती

दिवाळीच्या आधीच्या रविवारी सकाळी साडेदहा वाजता, अमरावतीतल्या आमच्या घरी, आईने माझ्या दोन्ही स्पीकरमधल्या कापसाच्या वाती वळून टाकल्याचे उघडकीस आले. ते स्पीकर बनवणारे माझे मामा त्या वेळी अकोल्याहून गाडीत बसलेले होते.

मामांचे अकोल्याच्या जुन्या शहरात रेडिओ दुरुस्तीचे दुकान होते. तरुणपणी त्यांनी स्पीकरची एकच जोडी बांधली, स्वतःसाठी. सागवानाची पेटी, खाचेत खाच बसवलेली, एकही खिळा नाही. खर्जासाठी मोठा कागदी पडदा, बारीक सुरांसाठी छोटा, आणि दोघांमध्ये आवाजाची वाटणी करणारी तांब्याच्या तारेची वेटोळी, हाताने गुंडाळलेली. (गुंडाळताना ते वेढे मोजत होते, म्हणून दिवसभर मामीशी एक शब्द बोलले नाहीत. मामी तो दिवस अजून विसरलेली नाही!) आणि पेटीच्या आत घरच्या शेतातला, हाताने पिंजलेला कापूस.

"पडदा जितका आवाज पुढं फेकते ना, तितकाच मांगंबी फेकते," मामांनी मला समजावले होते. "मांगचा आवाज पेटीतच जिरला पायजे. नाई तं डग्गा वाजते एकदा अन् आयकू येते दोनदा."

उन्हाळ्यात ही जोडी त्यांनी मला दिली, पण अटीवर.

"दिवाळीच्या आंधी येतो आयकाले. नीट ठेवली असन तं तुही. नाई तं परत नेतो. धारणीचा माहा जावई कवापासून मांगून रायला."

मी ती नीट ठेवली नाही, असे म्हणणे वस्तुस्थितीला धरून होणार नाही. मी ती फारच नीट ठेवली. दिवाळीच्या सफाईत आमच्याकडे घरातला सगळा कापूस गच्चीवर उन्हात पडतो, गादी असो की उशी. मग स्पीकरचाच कापूस का मागे राहावा? (त्या वेळी हा विचार मला शास्त्रीय वाटला!) मी मागच्या फळ्या उघडल्या, कापूस धोतरावर पसरला आणि तेवढ्यात पेपरातून दिवाळी पुरवणीसाठी फोन आला. मी गेलो. पुढचे आठ दिवस मी पुरवणीत होतो.

इकडे आईने त्रिपुरी पौर्णिमेला लाख वाती लावण्याचा नेम धरलेला होता.

"गच्चीवरचा कापूस?" आई म्हणाली. "मले वाटलं देवानंच धाडला! असा लांब धाग्याचा कापूस आता पायाले भेटते कुठं? भजनी मंडळाच्या बाया तं हारखून गेल्या."

"आई, तो मामांचा कापूस होता!"

"मंग? माह्याच बापाच्या वावरातला ना!"

मुद्दा बिनतोड होता. फोन वाजला.

"मूर्तिजापूर गेलं," मामा म्हणाले. "तबकडी पुसून ठेव."

मी रिकाम्या पेट्यांवर तबला लावून पाहिला. डग्गा दोनदा नाही, तीनदा ऐकू आला. तिसऱ्यांदा शेजाऱ्यांच्या भिंतीवरून! माझ्या बायकोने, सुनंदाने, एक जुनी उशी फाडून दिली. तिच्यातल्या सरक्या पेटीत खुळखुळू लागल्या. टॉवेल कोंबले, तर तबलजी पांघरूण घेऊन बसल्यासारखा वाटला.

"अवो, वातीच भरा ना," सुनंदा म्हणाली. "कापूसच हाय न तो."

आईने त्या कापसाच्या झालेल्या अकरा हजार दोनशे वाती संध्याकाळपर्यंत उसन्या द्यायचे कबूल केले. अटी तीन: आंघोळ करायची, धुतलेले धोतर नेसायचे आणि एकही वात चुरगाळायची नाही. त्यानुसार बारा वाजता मी ओल्या केसांनी, धोतर नेसून, अनवाणी, स्पीकरमध्ये खांद्यापर्यंत हात घालून बसलो होतो.

"काहून एवढ्या दाबून रायला?" आई मागे उभी होती. "मोकळ्या ठेव! देवाच्या हायेत!"

फोन पुन्हा वाजला. "बडनेरा आलं!"

शेवटचा स्क्रू बसला आणि दार वाजले. मामांनी पाणीही घेतले नाही. दोन्ही स्पीकरपासून सारख्या अंतरावर खुर्ची ओढली आणि डोळे मिटले. भैरवी सुरू झाली. डग्गा पडला. एकदा. फक्त एकदा!

मामा उठून उभे राहिले. "पुन्हा लाव."

मी पुन्हा लावली. मामांनी माझा दंड धरला.

"अबे, हे नवे असतानाबी असे वाजले नवते! काय केलं तुनं?"

"थोडी... देखभाल, मामा."

"आन तो पेचकस."

सुनंदा स्वयंपाकघरात निघून गेली. मामांनी फळी उघडली, आत हात घातला आणि मूठभर वाती बाहेर काढल्या. त्यांनी आधी वातींकडे पाहिले, मग माझ्या धोतराकडे.

"बाई!" त्यांनी आपल्या बहिणीला हाक मारली.

"मोजेल हायेत," आई म्हणाली. "होत्या तिथं ठेव."

मामा इतके हसले की पाणी शेवटी द्यावेच लागले. जुना कापूस इतक्या वर्षांत खाली बसून त्याचा गोळा झाला होता, असे त्यांनी सांगितले. बायांनी तो विंचरून मोकळा केला होता. शिवाय वातीवातीत हवा राहिली होती आणि मागचा आवाज तिथे जिरत होता.

जेवताना निर्णय झाला. जोडी धारणीला जाणार नाही.

"म्हणजे माझी?" मी विचारले.

"तुही कायले? काम बाईनं केलं. बाईची!" मामा म्हणाले. "देवघरापुढं ठेव वं बाई. देवापुढं वाजतीन, तं वातीबी देवालेच लागल्या."

आईला हे पटले. फक्त नेमात अकरा हजार दोनशे वाती कमी पडत होत्या.

"कापूस मी धाडतो," मामा म्हणाले. "वळन तो, ज्यानं उन्हात टाकला."

कापूस मंगळवारी अकोल्याहून आला. आज संध्याकाळी सातपर्यंत मी चारशे बारा वाती वळल्या आहेत. त्यांपैकी आईने पसंत केलेल्या वाती एकोणीस.