तिसऱ्या गाण्यातली बाज

किन्हीराजाचा राजपाल चव्हाण बँडवर संशोधन करतो, हे गावात सगळ्यांना माहीत होतं. कोणत्या बँडवर, हे मात्र कोणी विचारलं नव्हतं. त्यामुळे लग्नसराई जवळ आली की लोक त्याच्या ओट्यावर येऊन बसत.

"राजपालभौ, मेडशीचा ब्यांड सांगू का शिरपूरचा?"

राजपाल चहा मागवायचा आणि मनापासून सल्ला द्यायचा. कोणाचा क्लॅरिनेट वरात लांबली की सुरातून उतरतो, कोणाचा ढोल दुरून बरा आणि जवळून कर्कश, हे त्याला ठाऊक असे. सल्ले खरे निघत. त्यामुळे हेच त्याचं संशोधन, असं गावाने धरून चाललं होतं, आणि त्यानेही कोणाचा गैरसमज दूर केला नाही.

खरं संशोधन होतं स्लेट हार्बर नावाच्या एका इंग्रजी रॉक बँडवर. पन्नास वर्षांपूर्वीचा बँड. राजपाल अमरावतीला डिप्लोमाला असताना हॉस्टेलच्या खोलीत त्याच्यासोबत शिलाँगचा एक मुलगा होता. तो पहिल्याच वर्षी नापास होऊन घरी गेला आणि जाताना एक कॅसेट विसरला. 'विंटर टोल' असं त्या बँडच्या अल्बमचं नाव तिच्यावर लिहिलं होतं. राजपालने ती ऐकली. शब्द एकही कळला नाही. इंग्रजी पुस्तकं तो वाचू शकत होता, पण ही माणसं जे गात होती ते पुस्तकातलं इंग्रजी नव्हतं. शब्द कळत नाहीत म्हणून मग तो बाकीचं ऐकू लागला. तारेवरून बोट घसरल्याचा आवाज, गाण्याआधी कोणीतरी घेतलेला श्वास, मागे कुठेतरी आपटलेलं दार. पुढे शिक्षण संपलं, नोकरी लागली नाही, वडील गेले, आणि राजपाल गावी येऊन सोयाबीन आणि तूर करू लागला. ऐकायची सवय तेवढी राहिली.

गावात इंटरनेट आलं तेव्हा त्याला कळलं की असं ऐकणारा तो एकटा नाही. स्लेट हार्बरच्या चाहत्यांचं एक फोरम होतं. कॅनडा, ब्राझील, जपान, कुठकुठची माणसं तिथे जमून एकच गोष्ट बोलत: 'विंटर टोल' रेकॉर्ड कसा झाला. उत्तर इंग्लंडमधल्या एका बंद पडलेल्या लोकरीच्या गिरणीत तो झाला, एवढं पक्कं होतं. बाकी सगळा वाद. बँडमधली दोन माणसं वारली होती, दोन एकमेकांशी बोलत नव्हती आणि वेगवेगळं सांगत होती.

सगळ्यात मोठा वाद तिसऱ्या गाण्याचा. त्या गाण्यात मध्येच सगळी वाद्यं थांबतात. शांतता. मग 'कर्रर्र… खट्' असा एक आवाज येतो आणि लगेच ढोल भिंत कोसळल्यासारखा सुरू होतो. तो आवाज कशाचा? कोणी म्हणे दाराचा, कोणी म्हणे ढोलाच्या पेडलचा. ब्राझीलच्या एका माणसाच्या मते गिरणीत भूत होतं, आणि त्याला मानणारेही बरेच होते.

एका दुपारी राजपाल ओसरीत बसून तेच गाणं पुन्हा पुन्हा लावत होता. त्याची आई गोमतीबाई शेजारी शेंगा फोडत होती. तिने मान वर न करता विचारलं, "कोन उठून राह्यलं रे बाजीवरून?"

"काय?"

"त्या गान्यात. कोनी बाजीवरून उठते न. जड मानूस आहे."

राजपालने गाणं परत लावलं. मग तो आत गेला, घरातल्या बाजेवर आडवा झाला आणि उठला. कर्रर्र. पाय टेकवला. खट्.

त्याच दिवशी त्याने फोरमवर लिहिलं. त्या आठवड्यात सोयाबीनची पोती उचलून त्याची स्वतःची कंबर धरली होती, म्हणून त्याला सुचलं तेही लिहिलं: ढोलवाल्याची कंबर त्या दिवसांत दुखत असावी, म्हणून त्याच्यासाठी गिरणीत बाज टाकली असावी. गाणं थांबतं, तो बाजेवरून उठतो आणि वाजवायला बसतो. लोकांनी विचारलं, बाज म्हणजे काय? त्याने समजावून सांगितलं. लाकडी चौकट, चार पाय, वरून नवारीच्या पट्ट्या विणलेल्या, उदाहरणार्थ हिरव्या.

'असावी' आणि 'उदाहरणार्थ' हे दोन्ही शब्द त्याने इंग्रजीत नीट लिहिले होते. पुढच्या प्रवासात ते गळाले. आधी कोणीतरी ही गोष्ट बँडच्या माहितीच्या पानावर टाकली, तिथे 'असावी' नव्हतं. त्या पानावरून ती एका इंग्रजी पुस्तकात गेली, तिथे राजपालचं नावही नव्हतं. चार-पाच वर्षांत ढोलवाल्याची दुखरी कंबर आणि त्याची खाट जगजाहीर झाली. ब्राझीलवाला तेवढा भुतावर ठाम राहिला.

मग फोरमवर एक व्हिडिओ आला. विल्फ्रेड क्रॉस्टनची मुलाखत. हा त्या रेकॉर्डिंगचा साउंड इंजिनिअर. वय पंच्याऐंशीच्या पुढे, इतकी वर्षं कोणाशी बोलला नव्हता. मुलाखत घेणाऱ्याने तिसऱ्या गाण्याबद्दल विचारलं तसा म्हातारा हसला.

"हो, ती खाट," तो म्हणाला. "बिचाऱ्याची कंबर गेली होती. मीच वरच्या मजल्यावरून ती खाली आणली."

राजपाल उठून उभा राहिला. मग गावातल्या दुकानातून पेढे घेऊन आला. त्याची बायको निता स्वयंपाकघरात होती.

"कायचे पेढे?" तिने विचारलं.

"माहं बरोबर निघालं."

"काय बरोबर निघालं?"

"बाज होती. त्या इंजिनेरनं सोता सांगतलं."

निताने पेढा खाल्ला. "आईचं बरोबर निघालं मनजे," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी त्याने मुलाखत शेवटपर्यंत पाहिली. आदल्या दिवशी आनंदात अर्धीच पाहिली होती. विल्फ्रेड पुढे सांगत होता, "मला ती अजून डोळ्यासमोर दिसते. हिरव्या पट्ट्यांनी विणलेली होती."

राजपालने व्हिडिओ थांबवला. आतल्या खोलीत बाज होती. हिरव्या नवारीची. नवार वडिलांनी जवळच्या मालेगावच्या बाजारातून आणली होती आणि तिचा रंग हिरवा होता, कारण त्या दिवशी दुकानात दुसरा नव्हता.

दोन दिवस त्याने शेतातली कामं काढली. तिसऱ्या दिवशी त्याने विल्फ्रेडला लांबलचक ई-मेल लिहिला. आपण कोण, ही कंबर कोणाची, ही नवार कुठली, सगळं सांगितलं. तुम्ही जे पाहिल्याचं सांगता ते माझ्या घरात आहे, असंही लिहिलं, आणि त्या वाक्याबद्दल पुढच्याच ओळीत माफी मागितली.

उत्तर आठवड्याभरात आलं. फार सभ्य होतं. "प्रिय मित्रा, तुझ्या आस्थेबद्दल आभारी आहे. पण मी तिथे होतो."

मग राजपालने फोरमवर लिहिलं. ती खाट माझी कल्पना होती, पुरावा काहीही नाही, कृपया पानावरून काढा. लोक चिडले. प्रत्यक्ष हजर असलेला माणूस सांगतो आहे आणि तू भारतातल्या कुठल्या खेड्यात बसून त्याला खोटं पाडतोस, असं त्याला विचारण्यात आलं. ही माहिती मीच दिली होती, असं त्याने उत्तर दिलं. त्यावर एकाने लिहिलं की माणसं प्रसिद्धीसाठी काय काय करतात. राजपालने तीन वेळा पान दुरुस्त केलं, तीन वेळा ते पूर्ववत झालं. शेवटी चुकीची माहिती पसरवल्याबद्दल फोरमच्या चालकांनी त्याचं खातं कायमचं बंद केलं. ब्राझीलवाला एकटाच त्याच्या बाजूने बोलला, आणि त्याने काही मदत झाली नाही.

"बरं झालं," निता म्हणाली. "आता फवारनी तरी टाइमावर होईन."

"ते खोटं हाय निता."

"मंग? तुमचं काय बिघडते? पाह्यनाऱ्याले दिसली."

अल्बमला पन्नास वर्षं झाली तेव्हा त्या गिरणीच्या गावात प्रदर्शन भरलं. त्याचे फोटो राजपालच्या फोनवर आले. एका फोटोत काचेमागे खाट होती, विल्फ्रेडच्या आठवणीवरून मुद्दाम बनवून घेतलेली. जाड लाकूड, हिरव्या पट्ट्या. त्याने फोन आईसमोर धरला.

गोमतीबाईने डोळे बारीक करून पाहिलं. "हे त आपली बाज. तिकडं कशी गेली?"

"आपली घरातच हाय माय. तसलीच केली त्यायनं."

"पायतीले ढिल्ली बांदली," ती म्हणाली. "बसन त पडन कोनी."

त्यानंतर वर्षभर राजपालने स्लेट हार्बर ऐकलं नाही. वरातीच्या बँडबद्दल कोणी विचारलं तरी तो म्हणे, मले काही सांगता येत नाही, तुमीच ऐका. लोकांना वाटलं, याला गर्व झाला.

मग एका दिवशी हेलन नावाच्या बाईचा ई-मेल आला. ती विल्फ्रेडची मुलगी. वडिलांची स्मृती जात चालली आहे, तिने लिहिलं होतं. घरच्यांची नावं विसरतात. पण गिरणीचा विषय निघाला की डोळे उघडतात, आणि मग विचारतात, खाटेबद्दल ज्याला सगळं माहीत होतं तो भारतातला माणूस कुठे आहे. तुम्ही कधी त्यांच्याशी बोलाल का?

राजपालने तो ई-मेल निताला वाचून दाखवला.

"बोला न," ती म्हणाली. "मानूस म्हातारा हाय."

"काय बोलू? मले काय माहीत हाय तिथलं?"

"त्याच्यापक्षा त जास्तच हाय."

तेव्हापासून रविवारी दुपारी, विलायतेत सकाळ असताना, व्हिडिओवर बोलणं सुरू झालं. खुर्चीत शाल पांघरून बसलेला विल्फ्रेड आणि त्याच्या मागे उभी हेलन. पहिल्याच दिवशी विल्फ्रेडने विचारलं, "त्या गाण्याच्या दिवशी काय काय झालं होतं, सांग बरं."

वीस वर्षं राजपालला हाच प्रश्न त्या माणसाला विचारायचा होता. तो उलटा आपल्याकडे येईल हे त्याच्या मनात आलं नव्हतं. त्याने जे छापील होतं ते सांगितलं. गिरणीची उंच खोली, भिंतींना लावलेल्या घोंगड्या, चहाची किटली. जे माहीत नव्हतं तिथे तो तसं सांगत होता.

"बर्फ पडत होता का?" विल्फ्रेडने विचारलं.

"मला माहीत नाही."

म्हाताऱ्याचा चेहरा उतरला. तो खिडकीकडे बघू लागला. हेलनने मागून मान किंचित हलवून राजपालला खुणावलं. 

"जानेवारी होता," राजपाल म्हणाला. "पडत असावा."

"पडतच होता," विल्फ्रेड म्हणाला. "गुडघाभर."

त्या दिवसानंतर राजपालने त्याला काही दुरुस्त करायचं सोडून दिलं. विल्फ्रेड दर रविवारी आठवणीतल्या गिरणीत नव्या गोष्टी ठेवत होता. एकदा तिथे कुत्रा आला, एकदा राजपाल स्वतः आला. "तू दाराजवळ बसला होतास," विल्फ्रेड म्हणाला. राजपालने ते नाकारलं नाही. खरं सांगायचं तर त्याला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची लाजही वाटली. गोमतीबाईला या गोष्टीत एवढाच रस होता की तो म्हातारा जेवतो काय आणि त्याला वाढतं कोण. लेक वाढते म्हटल्यावर ती निश्चिंत झाली.

डिसेंबरच्या शेवटी एका रविवारी फोन आला तेव्हा राजपाल शेतात होता. तूर वाळत आली होती. विल्फ्रेडला मागे पिवळं-तपकिरी काहीतरी हलताना दिसलं.

"ते काय आहे?"

"तूर. आमची डाळ. कापणीला आली."

"आवाज कसला येतोय?"

"शेंगा वाळल्या की वाऱ्याने आतले दाणे वाजतात."

विल्फ्रेड पुढे सरकला. त्याचा आवाज एकदम बदलला, तरुण नाही, पण कामाचा झाला.

"फोन वाऱ्याकडे पाठ करून धर. नाही, आणखी खाली. तुझं अंग मध्ये घाल, वारा तू अडव. झाडाच्या समोर नको धरूस, बाजूला. आता एक पाऊल मागे हो. सगळ्यात जवळचं झाड ऐकू नये, त्याच्या मागचं ऐकावं."

राजपाल वाकला, वळला, मागे सरला. वाऱ्याची घरघर गेली. हजार शेंगांचा बारीक खुळखुळाट उरला, जवळून दूर जाणारा, मेडशीच्या रस्त्यापर्यंत पसरलेला. या शेतात जन्म गेला होता, पण तूर अशी त्याने ऐकली नव्हती.

"हलू नकोस," विल्फ्रेड म्हणाला.

हा माणूस गिरणीत माइक कसा लावत असे, 'विंटर टोल' कसा रेकॉर्ड झाला याबद्दलची ही पहिली खरी गोष्ट राजपालला कळत होती, आणि ती लिहायला फोरमवर त्याचं खातं नव्हतं. तो वाकून तसाच उभा राहिला. कंबरेत कळ आली. बांधावरून निता भाकरीचं फडकं घेऊन येत होती. त्याने बोट ओठांवर ठेवलं. ती तिथेच थांबली, आणि नवऱ्याने तुरीत असं काय पाहिलं म्हणून वाकून बघू लागली.