नातीच्या घरचा करंट

पोराने विजेची गाडी घेतली तेव्हाच मी सांगितलं होतं, डिझेल ते डिझेल. तरी तिच्यात बसून संभाजीनगरला जाऊन आलो. येताना वाटेत पोरगा म्हणाला, "आबा, या हॉटेलवर चार्जिंग करून घेऊ."

"निम्मी भरलेली हाय की! पुढं बघू."

पुढच्या ठिकाणी गाड्यांची ही रांग. पारनेर अजून लांब. पोरगा हसला, "चला आता पोरीच्या दारात."

त्याची पोरगी, म्हणजे माझी नात, घोडेगावात दिलेली. आमच्यात लेकीबाळीला मूल होईस्तोवर तिच्या सासरी पाणीसुद्धा घेत नाहीत. पोरगा हे मानत नाही, खुशाल जेवून येतो. मी मानतो. जनावरांच्या बाजाराला आलो की तिच्या दारात जायचो आणि कोरड्या तोंडानं परत फिरायचो. तिला ते फार लागायचं.

नातजावयानं आतून लांब वायर ओढून गाडीला लावली. घरच्या विजेवर सावकाश भरते म्हणे, दुपार जाणार. नातीची सासू चहा घेऊन आली. मी हात जोडले. मग पाणी आलं. पुन्हा हात जोडले.

नात तरातरा बाहेर आली आणि तिनं प्लगच उपटला.

"अगं, काय करतीस?"

"तुमी आमच्या घरचं घेत न्हाई, मग तुमच्या गाडीनं का घ्यावं?"

"गाडीला कुठली आलीय रीत?"

"मग बसा दोघंबी उपाशी! आबा, माझी परीक्षा हाय, मला इतक्यात पोर नकोय. तवर असंच दारातनं जाणार का?"

हसत होती, पण डोळे भरले होते. सासूनं तोंडाला पदर लावला. पोरगा उगाच आभाळाकडं बघत बसला.

मी विचार केला. आमचे म्हातारे बैलगाडीनं यायचे ते बैलांची वैरणसुद्धा बांधून आणायचे. माझ्या गाडीनं मघापासून या घरचा करंट ओढलाच होता. म्हणजे रीत मोडायची ती मोडली. मोडली गाडीनं, मी नव्हे.

"आण पाणी," म्हणालो, "आणि ती वायर लाव."

लोक सांगतात, पुढं रस्त्यावर जागोजागी यंत्रं बसतील, चहा निवायच्या आत गाडी भरेल. भरू दे, चांगलंच आहे. त्या दिवशी मात्र ती रमतगमत भरत होती तेच बरं. पिठलं, बाजरीची भाकरी, खर्डा. लई दिवसांनी पोटभर जेवत होतो, तेवढ्यात पोरगा गाडी बघून आला.

"आबा, घरापर्यंत पुरंल एवढी झालीय. निघायचं?"

"पुरी भरू दे," म्हणालो आणि नातीकडं आणखी अर्धी भाकरी मागितली.