गजभिये मॅडमचा पियानो

गजभिये मॅडमच्या जुन्या विद्यार्थिनी वर्ध्यात कुठेही भेटल्या, की चहा यायच्या आत मॅडमचा एखादा किस्सा निघतोच. मी शाळेत असल्यापासून त्यांच्याकडे शिकले, आता त्यांच्याच क्लासमध्ये शिकवते. त्यामुळे माझ्याकडचा साठा जरा मोठा.

मॅडम मूळच्या पुलगावच्या. वडील तिथल्या लष्करी दारूगोळ्याच्या डेपोत मजूर. आई एका अधिकाऱ्याच्या बंगल्यावर कामाला जायची, लहानग्या मॅडम सोबत. एकदा अधिकाऱ्याच्या बायकोला ही पोर पियानोपाशी दिसली. हात मागे बांधलेले.

"हात लगाया क्या?"

"नाई. तुम्ही काल वाजवलं, ते कोणत्या पट्टीतून निघालं ते पाहून राह्यली."

बाईंनी स्टूल पुढे ओढलं. "बैठो."

•

पुढे मॅडमनी नागपूरहून जुना पियानो विकत घेतला, तो टेम्पोने वर्ध्याला लागून असलेल्या सिंदी मेघेत, त्यांच्या घरी आला. शेजारच्या काकू बघायला आल्या.

"एवढं मोठं कपाट, अन् कपडे ठेवाले एक कप्पा नाई?"

मॅडमनी झाकण उघडून एक सूर वाजवला.

"वापस करून टाक," काकू म्हणाल्या. "आतून काहीतरी सैल झालं हाय."

•

वर्ध्याच्या मे महिन्यात पियानोचं लाकूड तडकतं, सूर उतरतात. म्हणून घरातला एकुलता एक कूलर त्याच्या दिशेने. पाहुणे पलीकडे वर्तमानपत्राने वारा घेत बसतात.

एका मामांनी शेवटी विचारलंच, "थोडा इकडे फिरवता का?"

"तुमच्यापाशी रुमाल हाय ना, मामा. त्याच्यापाशी नाई."

•

एका सत्कारात निवेदक बराच वेळ "जिल्ह्यातल्या पहिल्या महिला पियानोवादक" असं म्हणत राहिले. मॅडम माईकपाशी गेल्या.

"पहिली झाली, ते मले मालूम हाय. दुसरी काऊन नाई झाली, त्याच्यावर बोला."

शाल घेऊन खाली बसल्या. दुसऱ्या दिवशी क्लासची फी निम्मी केली. मुलींसाठीच.

•

गेल्या वर्षी मॅडमना अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात गेला. डॉक्टर म्हणाले, आता वाजवणं नाही. आम्ही वार्षिक कार्यक्रम रद्द करायला निघालो, तर त्यांनी मनू नावाच्या दुसरीतल्या मुलीला बोलावून घेतलं. उजवा हात मनूचा, डावा मॅडमचा. दोघींनी महिनाभर एकाच बाकावर बसून सराव केला.

कार्यक्रमात मनू मधेच अडकली. बोटं पट्ट्यांवर तशीच थांबली. मॅडमनी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. डाव्या हाताने तोच तुकडा पुन्हा वाजवला, मग आणखी एकदा, जणू तो तसाच लिहिलेला आहे. मनूला वाट सापडली. दोघींनी मिळून शेवट गाठला. लोक उभे राहिले.

खाली उतरल्यावर मनू आईला सांगत होती, "मॅडम विसरल्या होत्या. एकच एक वाजवून राह्यल्या होत्या. मी थांबली त्यांच्यासाठी."

आईने घाबरून मॅडमकडे पाहिलं.

मॅडम म्हणाल्या, "हो बेटा. पुढच्या वेळी ध्यान ठेवीन."