चाचांना न निवडता आलेला डबा

चाचा डबा निवडायचे ते डोळे मिटून. माझं नागापूरला इलेक्ट्रिकच्या सामानाचं दुकान, आणि चाचा केबलला जॉइंट मारणारे. केबल विजेची असो नाहीतर फायबरची. जोडलेली जागा ज्या डब्यात बंद करतात, तो डबा घ्यायला ते यायचे आणि रॅकसमोरच्या स्टुलावर डोळे मिटून बसून राहायचे. नवं गिऱ्हाईक मला खुणेनं विचारायचं, बरं आहे ना यांना? मी म्हणायचे, बरं आहे हो, ते आत्ता नाल्यात आहेत.

असायचेच. जोड जिथे राहणार, तिथे ते मनानं जाऊन पडायचे. ऊन किती लागतं, पाणी कुठून झिरपतं, उंदीर येतात का, वरून ट्रॅक्टर जातो का. मग सावकाश उठून सावेडीच्या खांबासाठी एक डबा घ्यायचे, कॅनॉलकडेच्या खड्ड्यासाठी दुसरा. मी घाई केली की हसायचे. "पोरी, मला वर तर येऊ दे," म्हणायचे. मला असा राग यायचा! पण आठवडाभर आले नाहीत की दुकान ओकंबोकं वाटायचं.

रेझिनच्या डब्याशी मात्र त्यांचं वाकडं. त्यात रसायन ओतलं की सगळं दगडासारखं घट्ट होतं, पुन्हा उघडता येत नाही. चाचांना स्क्रूचे, रबरी पट्टीचे डबे आवडायचे. उद्या कुणाला तरी तो उघडावा लागेल, त्याचे हाल कशाला, असं त्यांचं म्हणणं.

मग चाची आजारी पडल्या. घर देवळाली प्रवरेला, उसाच्या कडेला. चाची सतत ऑक्सिजनच्या मशीनवर. घराची केबल उसाखालून गेलेली, नांगरानं एकदा तोडलेली, म्हणून मध्येच जोड. उसाला पाणी सोडलं की ते जोडात शिरायचं, लाईट जायची आणि मशीन बंद पडायचं. शेवटच्या वेळी शेजाऱ्यांनी धावत जनरेटर आणला म्हणून निभावलं.

दुसऱ्या दिवशी चाचा आले. स्टुलावर बसले, डोळे मिटले आणि लगेच उघडले. पुन्हा मिटले. एक डबा उचलला, ठेवला. दुसरा उचलला, तोही ठेवला.

"आज तू निवड," ते म्हणाले. "डोळं मिटलं की मला जोड दिसतच न्हाई. तिचं तोंड दिसतंय."

मी रेझिनचा डबा काढला. म्हटलं, चाचा, हा उघडायचा नाही, पण पाण्याला वाटही राहणार नाही. ते वाद घालतील असं वाटलं होतं. त्यांनी मुकाट्यानं तो घेतला आणि पिशवीत न टाकता छातीशी धरून नेला.

पुढे उसाला पाणी सुटलं की माझा जीव टांगणीला लागायचा. मी फोन करायचे, आणि पलीकडून चाचा फक्त "चालू हाय" म्हणायचे. मागे मशीनची संथ घरघर ऐकू यायची. ती ऐकत मी थोडा वेळ उगाच फोन कानाला धरून बसायचे.

उन्हाळ्यात चाची गेल्या. मी भेटायला गेले तेव्हा चाचा दारात बसले होते, उसाची पाती वाऱ्यानं हलत होती. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला.

"तुझ्या डब्यात पानी शिरलं न्हाई, पोरी. मशीन मी बंद केलं," ते म्हणाले. "ती गेल्यावर. माझ्या हातानं."