शांताक्काची म्हैस

परवा नातवाच्या गोठ्यात फिनेलचा वास आला आणि मला सासरच्या दुबलगुंडी गावातली ती सकाळ आठवली. मी नवी सून होते. माझी विधवा नणंद शांताक्का एका म्हशीच्या दुधावर दोन लेकरं जगवायची. पण ते दूध तापवलं की नासायचं, म्हणून हुमनाबादचा हॉटेलवाला ते परत पाठवू लागला.

दुधाचा सल्ला द्यायला बिदरहून एक सरकारी माणूस आला. त्याच्या कपड्यांना फिनेलचा वास होता. त्यानं पहिल्या धारा काळ्या फडक्यावर पिळायला लावल्या. फडक्यावर पांढऱ्या गाठी पडल्या.

“अक्का, कासेला दगडी झालीय, कास आतनं सुजून दूध नासायलंय. हे दूध कुणाला देऊ नका. धार काढायच्या आधी हात अन् कास गरम पाण्यानं धूत जा.”

“मग बरी व्हईल का?”

“आता न्हाई. लई उशीर झालाय.”

“मग धुवायला कामून सांगायलाव?”

मग बाह्या वर सारून तो अक्काशेजारी बसला आणि ती दुखरी कास हलक्या हातानं धुऊ लागला. म्हैस डोळे मिटून उभी राहिली.

पुढं चारही सडं आटली. अक्का लेकरं घेऊन सोलापूरला गिरणीत कामाला गेली, ती परत आलीच नाही. इलाज न देता नुसती कास धुऊन गेला, म्हणून तेव्हा मला त्या माणसाचा फार राग आला होता. आता वाटतं, त्याच्याजवळ देण्यासारखं दुसरं काहीच नव्हतं.