मैदानाकडे पाठ

ऐंशीच्या दशकात मी अमेरिकेतल्या स्टेट कॉलेज नावाच्या गावी शिकत होतो. लॅबमधून परतताना रोज वाटेतल्या शाळेच्या अमेरिकन फुटबॉल मैदानाच्या जाळीपाशी रेंगाळायचो. तिथला कोच एके काळचा प्रोफेशनल खेळाडू. गुडघे गेलेले, बोटं वाकडी. कॉफीचा कपही दोन्ही हातांनी धरायचा. प्रॅक्टिस रंगात आली की हा मैदानाकडे पाठ करून बाकावरच्या राखीव पोरांकडे बघत राहायचा. हा कसला कोच! एकदा न राहवून विचारलंच.

"माझं निम्मं करिअर बाकावर गेलं," तो म्हणाला. "तिकडे कोणी बघत नाही." मग त्याने जाळीचं दार उघडलं. "तूही महिनाभर बाहेरच उभा आहेस. ये, बस."

फुटबॉल मला आजही कळत नाही. पण अमेरिकेत मला 'बस' म्हणणारा तो पहिलाच.